ताई, हार्नेस बसवून घेऊ का?

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी इंदूरला राजेंद्रनगरात राहतो, नोकरी आयटीत. गेल्या वर्षी हौसेनं सेकंड-हँड पोर्शे केमन घेतली. पीथमपूरच्या नॅट्रॅक्सवर कुणी आयोजक ट्रॅक-डे (आपली गाडी ट्रॅकवर पळवायचा दिवस) ठेवेल तेव्हा, आणि जमलं तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर गाडी न्यायची आहे. अडचण अशी, की जोरात वळण घेतलं की मी सीटमध्ये सरकतो. गुडघा दरवाजाला टेकवून स्टिअरिंग धरून बसावं लागतं. इथल्या एका ॲक्सेसरीवाल्याकडे चार-पॉइंटचा, म्हणजे गाडीला चार ठिकाणी बांधायचा, शर्यतीतल्यासारखा हिरवा पट्ट्यांचा हार्नेस साडेतीन हजारांत मिळतोय. खांद्याचे पट्टे सीटमागे खाली फरशीला आणि कमरेचे सीटच्या रेलच्याच बोल्टला लावून देतो म्हणतो. सीट कंपनीचीच राहील. "भिया, दो घंटे का काम है," असं त्याचं म्हणणं. करून घेऊ का?

उत्तर : नका करून घेऊ. काम दोन तासांचंच आहे यात मला शंका नाही. माझी हरकत त्या दोन तासांत काय काय उलटं होणार आहे, त्याला आहे.

आधी फरशीचं बघू. गाडी धडकते तेव्हा तुमचं अंग पुढे जायला बघतं आणि पट्टा मागे ओढून धरतो. पट्टा खांद्यावरून जवळजवळ सरळ मागे गेला असेल तर ओढ छातीवर येते. तोच पट्टा खांद्यावरून वळून खाली फरशीला गेला असेल, तर ओढीचा मोठा हिस्सा खांदे खाली दाबण्यात जातो, म्हणजे पाठीच्या कण्यावर. सत्तर किलोच्या माणसाला तीस जीचा, म्हणजे वजनाच्या तीसपट, धक्का बसला तर पट्ट्यांना २१०० किलोचं ओझं धरायचं असतं. त्यातलं निम्मंशिम्मं मणक्यांवर उभं पडलं तर काय होईल, ते सांगायला ऑर्थोपेडिक नको. एफआयए, म्हणजे मोटार शर्यतींची जागतिक संघटना, तिचा नियम असा, की खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीच्या वरच्या कडेपासून मागे जाताना आडव्या रेषेपेक्षा ४५ अंशांहून जास्त खाली जाता कामा नयेत, आणि शक्यतो १० अंशांच्या आतच असावेत. डाव्या-उजव्या बाजूला मध्यरेषेपासून २० अंशांपेक्षा जास्त फाकलेले किंवा एकमेकांकडे झुकलेले असू नयेत. घरच्या घरी मोजायचं तर खांद्यापासून प्रस्तावित बोल्टपर्यंत सुतळी ताणा आणि तिच्या बाजूला मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप धरा. फरशीचा कोन किती भरतो ते मला कळवायची गरज नाही, तुम्हीच दुकानात परत जाणार नाही.

आता चार-पॉइंट. खांद्याचे दोन पट्टे घट्ट केले की ते कमरेचा पट्टा वर ओढतात. तो कंबरेच्या हाडांवरून सटकून पोटावर येतो, आणि धडकेत माणूस त्याच्याखालून पुढे घसरतो. मग जे हाडांनी सोसायचं ते आतडी, यकृत, प्लीहा सोसतात. म्हणून मांड्यांमधून जाणारे पट्टे असतात. पाच-पॉइंटमध्ये तो एकच असतो, सहामध्ये दोन. पुरुषमंडळींनी सहाच घ्यावेत, कारण विचारू नये. आणि हे पट्टे जायला सीटच्या बैठकीत भोक लागतं, जे कंपनीच्या सीटमध्ये नसतं. सीटच्या रेलचा बोल्टही पट्ट्यासाठी नाही. पट्टे सीटला किंवा तिच्या आधारांना लावायला एफआयएची चक्क मनाई आहे. खांद्याचे आणि कमरेचे पट्टे जिथे लागतात त्या बॉडीतल्या प्रत्येक जागेनं १४७० डेकान्यूटन, म्हणजे साधारण दीड टन, सोसायला हवेत. नवं भोक पाडायचं असेल तर पत्र्याच्या पलीकडून किमान ३ मिमी जाड आणि ४० चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी हवी. नुसता वॉशर टाकला तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतो.

यापुढचा मुद्दा दुकानदार कधीच काढत नाही, कारण तो विकायच्या वस्तूत बसत नाही. गाडी उलटली आणि छत दबलं, तर कंपनीच्या तीन-पॉइंट बेल्टमध्ये माणसाला निदान बाजूला झुकायला वाव असतो. हार्नेसमध्ये तुम्ही खिळल्यासारखे ताठ बसलेले असता आणि छत थेट डोक्यावर येतं. म्हणून हार्नेस आला की रोलबार, म्हणजे छत पेलणारी पोलादी कमान, आलाच. आणि धड जागचं हलत नाही पण डोकं आणि हेल्मेट पुढे जातच राहतं, म्हणून मानेसाठी हॅन्स (खांद्यांवर बसून हेल्मेटला धरून ठेवणारं उपकरण) आलं. हे उपकरण रॉबर्ट हबर्ड आणि जिम डाउनिंग यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत तयार केलं. मोठ्या शर्यतींत ते सक्तीचं व्हायला मात्र माणसं जावी लागली. १८ फेब्रुवारी २००१ला अमेरिकेत डेटोनाच्या शर्यतीत शेवटच्या फेरीत भिंतीला धडकून नामवंत रेसर डेल अर्नहार्ट गेला, कवटीचा तळ फुटून. त्यानं हॅन्स लावलं नव्हतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नासकारनं, म्हणजे ती शर्यत भरवणाऱ्या संस्थेनं, डोकं-मान रोखणारं उपकरण सक्तीचं केलं, फॉर्म्युला वननं २००३पासून.

म्हणजे साडेतीन हजारांच्या पट्ट्यामागे बकेट सीट (पट्ट्यांना भोकं असलेली, अंग धरून ठेवणारी शर्यतीची सीट), रोलबार आणि हॅन्स अशी वरात आहे. वरात परवडत नसेल तर नवरदेवही आणू नये. अर्धा सरंजाम लावलेली गाडी कंपनीच्या तीन-पॉइंट बेल्टपेक्षा वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. ट्रॅकवर गाड्या तपासायला उभी राहते तेव्हा असे चार-पॉइंटवाले दिसले की मी हार्नेस सोडायला लावते आणि कंपनीचा बेल्ट लावून आत सोडते. शिव्या खाते. चालतं.

तुमची मूळ तक्रार मात्र खरी आहे आणि तिला फुकटातला इलाज आहे. सीट नेहमीपेक्षा थोडी मागे घ्या. बेल्ट लावा, कमरेचा भाग हाडांवर खाली दाबून घट्ट करा. मग खांद्यापाशी पट्ट्याला जोरात झटका द्या, म्हणजे रीळ लॉक होईल. पट्टा सैल न सोडता सीट पुढे घ्या. बेल्ट अंगाला चिकटून बसेल. विजेची सीट हळू सरकते, तेवढा धीर धरा. सुरुवातीच्या ट्रॅक-डेंना एवढं पुरतं. नॅट्रॅक्सचा ११.३ किमीचा मोठा ओव्हल २०२१ला सुरू झाला, आणि त्याची वळणं अशी कललेली आहेत की ताशी २५० किमीला हात न लावता गाडी वळते. तिथे बाजूला सरकण्याचा प्रश्न कमीच येतो, तुमचा गुडघा बुद्धच्या वळणांवर दुखेल. तिथे सरकणं थांबवायला बेल्टपेक्षा सीटचे खांदे आणि मांड्यांचा आधार जास्त कामाचे. उंच माणूस, सपाट सीट, हे बहुतेकांचं खरं दुखणं.

पुढे छंद पक्का झाला आणि पूर्ण करायचं ठरलंच, तर चुका कुठे होतात ते ऐका. एक, केमनच्या कंपनीच्या सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असते. बकेट सीट बसवली की ती गेली, आणि डॅशवरचा लाल दिवा घालवायला लोक रेझिस्टर लावून गाडीला फसवतात. गाडी रोज ऑफिसलाही न्यायची असेल तर हा सौदा तुम्हाला चालतो का, ते आधी ठरवा. दुसरं, रोलबारच्या नावाखाली दोन्ही पिलरमध्ये आडवा टाकलेला नळ म्हणजे हार्नेस-बार, तो छत पेलत नाही. मुख्य कमान कोल्ड-ड्रॉन सीमलेस पोलादाची, ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी भिंतीची हवी. हार्नेसचा आडवा नळ ३८ मिमीचा, भिंत तीच. लोहामंडीतून फर्निचरचा शिवणीचा पाइप आणून वाकवलेला रोलबार मी उघडून बघितलाय, चकाकी उत्तम होती. जिथे हेल्मेट लागू शकतं तिथे एफआयए ८८५७-२००१ किंवा एसएफआय या अमेरिकन संस्थेच्या ४५.१ मानकाचं कडक पॅडिंग. मऊ फोम शोभेला. आणि डोक्यामागे बार असलेल्या गाडीतून हेल्मेटशिवाय गावात हिंडू नका. मागून ट्रकनं हलकी ढुशी दिली तरी डोकं त्या बारवर जातं.

तिसरी चूक अगदी छोटी दिसते. आडव्या नळाला पट्टा गुंडाळताना तीन दांड्यांचा ॲडजस्टर असतो. पट्टा त्यातून नेऊन नळाभोवती वळवायचा, पुन्हा ॲडजस्टरमधून परत आणायचा आणि शेपूट मधल्या दांडीवरून आणखी एकदा उलटं घ्यायचं. शेपूट १० सेंटिमीटर तरी शिल्लक हवं, आणि ॲडजस्टर नळाला शक्य तितका खेटून. शेवटचा उलटा वेढा घ्यायचा राहिला तरी हातानं ओढून बघताना पट्टा पक्का वाटतो, धडकेत सुळकन निघतो. पट्टा ॲडजस्टरमध्ये सपाट आणि सरळ बसला पाहिजे. वाकडा बसला तर धडकेत सगळा एका टोकाला गोळा होतो आणि तिथून फाटतो. अर्नहार्टच्या गाडीत कमरेचा डावा पट्टा असाच तुटलेला सापडला होता. आयबोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) वापरत असाल तर तो त्याच्या स्वतःच्या खांद्यापर्यंत, म्हणजे आट्यांच्या वरच्या कडेपर्यंत, पूर्ण बसवा, ओढीच्या रेषेत फिरवा आणि हुकच्या छिद्रात पिन घाला. आमच्या वर्कशॉपचा उस्ताद ती पिन लाल नेलपॉलिशनं रंगवतो, म्हणजे तपासताना नजर आपोआप जाते. नेलपॉलिश माझी.

घट्ट करायचा क्रम : आधी कंबर, मग मांड्या, शेवटी खांदे. उलटं केलं की खांदे कमरेला वर ओढतात. बकल बेंबीच्या खाली, हाडांच्या मधोमध.

सगळ्या सरंजामाऐवजी मधला मार्ग हवा असेल तर जर्मनीच्या श्रोथ कंपनीचे काही चार-पॉइंट असे आहेत, की त्यांच्या एका खांद्याच्या पट्ट्यात मुद्दाम सुटणारी शिवण असते. धडकेत तो खांदा थोडा पुढे जातो, अंग जरा वळतं आणि कमरेचा पट्टा जागेवर राहतो. ते कंपनीच्या सीटवर चालावेत म्हणूनच केलेले आहेत, पण फक्त त्यांच्या यादीतल्या गाड्यांसाठी. तुमचं मॉडेल आणि सीट यादीत नसेल तर तो विचारही सोडा.

प्रश्न : ताई, आमचे चिरंजीव हौशी. त्यांनी गाडीत सहा-पॉइंट हार्नेस बसवलाय आणि तोच लावून विजयनगरपर्यंत गाडी नेतात. कंपनीचा बेल्ट काढून टाकलाय. पोलीस पकडतील का, आणि मी शेजारी बसू का? — एक आई, सुदामानगर

उत्तर : बसू नका. चिरंजीवांना आधी कंपनीचा बेल्ट परत लावायला सांगा. घट्ट हार्नेसमध्ये माणसाला पुढे झुकून चौकात डावी-उजवीकडे बघता येत नाही, मग तो सैल सोडतो. सैल हार्नेस म्हणजे नसलेला हार्नेस. कायद्याचं म्हणाल तर बेल्ट न लावता गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४बीखाली १००० रुपये दंड आहे, आणि कंपनीनं दिलेल्या रचनेत मनाला येईल ते बदल करायला कलम ५२ आडवं येतं. हवालदार हार्नेसला बेल्ट मानेल की नाही, हा वाद भर चौकात त्याच्याशी घालण्यात अर्थ नाही. ट्रॅकवर शेजारी बसायचं झालं तर दोन्ही सीटना सारखीच व्यवस्था हवी. त्याला सहा-पॉइंट आणि आईला साधा बेल्ट, असं नाही चालणार.

प्रश्न : पुण्याचा एक रॅलीवाला मित्र त्याचा जुना हार्नेस फुकट देतोय. लेबलवर एफआयए ८८५३-२०१६ आणि 'नॉट व्हॅलिड आफ्टर २०२४' असं आहे. एकदम नवा दिसतो. घ्यावा का? — देवास

उत्तर : नको. एफआयएच्या पट्ट्यांची मुदत सुमारे पाच वर्षांची असते, लेबलवरचं साल संपलं की संपला. अमेरिकन एसएफआयवाल्यांची तर तयार झाल्या तारखेपासून दोनच वर्षं. पॉलिस्टर उन्हानं कमजोर होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात काचेमागे तो किती तापला असेल, विचार करा. शिवाय एकदा धडक सोसलेला पट्टा ताणून लांबलेला असतो, आणि मित्राच्या गाडीनं काय काय सोसलंय ते मित्रालाही आठवणार नाही. फुकट नवं लेबल शिवून देणारेही भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. नवा घेतलात की तो ॲसिड, थिनर, पेट्रोलपासून लांब ठेवा, साध्या साबणाच्या कोमट पाण्यानं पुसा आणि सावलीत वाळवा. जुन्याचे पट्टे कापून वर्कशॉपमध्ये इंजिन बांधायला वापरा, पण आधी बकल काढून लेबल फाडून टाका, म्हणजे तो पुढे कुणाच्या गाडीत जाणार नाही.