दिवाळखोरीचे कागद 'फॉर्म भरणाऱ्या'कडून करून घ्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत आहात, नोकरी गेली, क्रेडिट कार्डांवर 42 हजार डॉलर चढलेत. वकील 1,800 मागतोय आणि टॅक्स भरून देणारा ओळखीचा माणूस 400 मध्ये बँकरप्सीचे सगळे कागद करून देतो म्हणतोय. त्याचं म्हणणं, चॅप्टर 7 च टाका (सवलतीबाहेरची मालमत्ता विकून बाकीचं कर्ज माफ होण्याचा प्रकार), आईबरोबर नावावर असलेला पुण्याचा फ्लॅट दाखवू नका, भारतातलं इथे कोण बघतंय. आणि कोर्टाची 338 डॉलर फीसुद्धा माझ्याकडेच द्या.

त्याच्याकडे जाऊ नका. कागद टाइप करणं सोडलं तर यातली एकही गोष्ट त्याला कायद्याने करता येत नाही.

वकील नसताना पैसे घेऊन हे कागद तयार करणाऱ्याला इथे 'पिटिशन प्रिपेअरर' म्हणतात. धंदा कायदेशीर आहे, पण बँकरप्सी कोडच्या कलम 110 ने त्याचे हात बांधलेत. तुम्ही सांगाल ते त्याने टाइप करायचं, बस्स. चॅप्टर 7 की 13 (हप्त्यांनी फेडण्याचा प्रकार), कुठलं कर्ज माफ होईल, गाडी राहील का, यावर त्याने तोंड उघडायचं नाही. जाहिरातीत 'लीगल' शब्द घालायचा नाही, कोर्टाची फी हातात घ्यायची नाही. प्रत्येक चुकीला 500 डॉलरपर्यंत दंड, आणि मालमत्ता लपवायला सांगितली तर तो तिप्पट होतो. कागदांवर त्याचं नाव, पत्ता आणि सही हवीच. 'माझं नाव नको, तुम्हीच भरलंत असं दाखवू' म्हणाला तर चहा अर्धा टाकून उठा.

मी हे सगळं नंतर शिकलो. काही वर्षांपूर्वी मीही असाच एकाकडे गेलो होतो. माणूस वाईट नव्हता. त्याने विचारलं, 'घर आहे का?' मी भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो, म्हटलं नाही. त्याने स्थावर मालमत्तेच्या रकान्यात 'नाही' टाकलं. वडील गेल्यावर गावच्या सातबाऱ्यावर भावाबरोबर माझंही नाव लागलं होतं, पण जमीन भाऊ कसतो, ती माझी असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

मग '341 मीटिंग', म्हणजे ट्रस्टीसमोरची शपथेवरची चौकशी. ट्रस्टी म्हणजे तुमची मालमत्ता तपासून घेणेकऱ्यांसाठी वसुली करणारा. शपथ झाली आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नालाच ट्रस्टीने विचारलं, जगात कुठेही तुमच्या नावावर जमीन आहे का? 'जगात कुठेही' ऐकलं आणि पोटात गोळा आला. खरं सांगितलं. त्याने पेन खाली ठेवलं, मीटिंग पुढे ढकलली आणि कागद मागितले. प्रिपेअररला फोन केला तर म्हणाला, 'हा कायदेशीर सल्ला झाला, मला देता येत नाही.' बरोबरच होतं त्याचं! तसं लिहिलेल्या फॉर्म 119 वर माझीच सही होती, न वाचता केलेली.

शेवटी वकील केलाच. सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, शेड्यूल ए/बी (मालमत्तेची यादी) आणि सी (सवलतीत वाचवायच्या मालमत्तेची यादी) दुरुस्त करणं, माझा हिस्सा सवलतीच्या मर्यादेत बसवणं. ट्रस्टीने जमीन सोडून दिली, पण सुरुवातीलाच वकील केला असता तर पडला असता त्यापेक्षा जास्त खर्च झाला. आणि मी शपथेवर 'नाही' म्हणालो असतो तर? मालमत्ता लपवणं हा इथे संघीय गुन्हा आहे, कर्जमाफीही नाकारली जाऊ शकते. तेव्हा प्रिपेअरर तुमच्या शेजारी उभा राहत नाही.

आपल्या लोकांची अडचण टायपिंगची नसतेच. फॉर्म कोर्टाच्या साइटवर फुकट आहेत. प्रश्न असतो 'माझं काय काय आहे' याचा: वडिलोपार्जित जमीन, पीपीएफ, एनआरई खातं, लॉकरमधलं सोनं, भिशीचे देणंघेणं. त्याचं उत्तर टाइप करणारा देऊ शकत नाही. ज्याच्याकडे पगार आणि कार्डांची बिलं सोडून काही नाही, त्याने हवं तर टाइप करून घ्यावं, किंवा अपसॉल्व्हसारखी मोफत सोय वापरावी. तुमचं तसं नाही.

आता लगेच फ्लॅट आईच्या एकटीच्या नावावर करू नका. दोन वर्षांतले असे व्यवहार ट्रस्टी उलटवू शकतो, काही वेळा त्याहून जुनेही. आणि चॅप्टर 7 एकदा टाकलं की मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, म्हणून आधी विचारा. बरेच वकील पहिली भेट फुकट देतात, फी हप्त्यांत घेतात का तेही तिथेच विचारा. परवडतच नसेल तर मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या लीगल सर्व्हिसेस ऑफ न्यू जर्सीला फोन करा. एच-वन बी व्हिसा असल्याने अर्ज करता येत नाही, हा गैरसमज आहे. नागरिकत्वाची अट नाही.

तुम्ही जाता जाता लिहिलंय की मेहुण्याचे उसने 6 हजार मार्चमध्ये फेडले. जवळच्या नातेवाईकाला वर्षभरात फेडलेलं कर्ज ट्रस्टी त्याच्याकडून परत मागू शकतो. त्या ट्रान्सफरची तारीख आणि बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा, आणि वकिलाकडे जाण्याआधी मेहुण्यालाही कानावर घाला.