मिनांगकाबाऊ गावात जमीन मुलींकडे जाते, मग तिथले पुरुष गप्प कसे बसतात?

तुम्ही विचारलंय की इंडोनेशियातल्या पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ भागात, मिनांगकाबाऊ लोकांमध्ये, पिढीजात जमीन मुलींकडे जाते, मुलांना काही मिळत नाही, हे खरं आहे का. आणि असेल तर तिथले पुरुष गप्प कसे बसतात, जावयाला त्या घरात काय किंमत असते?

खरं आहे. पण आपल्या सातबाऱ्यावर एखादीचं नाव लागावं तसं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. तिथला मामला वेगळा आहे.

माझं तिकडे जाणं होतं ते गांबीरमुळे. पानमसाल्यात काताच्या जागी किंवा काताबरोबर जो गांबीर वापरतात, तो मोठ्या प्रमाणावर तिथल्या लिमा पुलुह कोटा जिल्ह्यात तयार होतो आणि त्यातला बराचसा भारतातच येतो. झुडपाची पानं, कोवळ्या फांद्या उकळायच्या, दाबून रस काढायचा, तो निवळू द्यायचा, खाली बसलेला गाळ निथळवून साच्यातून वड्या पाडायच्या आणि वाळवायच्या. माल बघायला गेले की मी एका घरी उतरते. घरच्या थोरल्या बाईंना मी उनी म्हणते, म्हणजे ताई. पुढचं बरंचसं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून कळलेलं आहे.

तिथे मालमत्ता दोन प्रकारची. स्वतः कमावलेली ती 'पुसाका रेंडाह'. ती आईबापांची, आणि मुलगे-मुली दोघांनाही इस्लामी कायद्याप्रमाणे वाटून मिळते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ती 'पुसाका तिंग्गी': भाताची खाचरं, माशांचं तळं, घराची जागा आणि म्हशीच्या शिंगांसारखं टोकदार छप्पर असलेलं मोठं घर, रुमाह गडांग. तुमचा प्रश्न या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. ही मालमत्ता एकाच पूर्वज आजीपासून आलेल्या सगळ्या वंशाची असते. कुठल्या बहिणीने कुठलं खाचर कसायचं हे ठरलेलं असतं, तिथलं भात तिचं, आणि तिच्यामागे ते तिच्या मुलींकडे जातं. मात्र विकायचा अधिकार तिला नाही. तिच्या भावालाही नाही. देखरेख आईच्या भावाकडे, म्हणजे मामाककडे. गावच्या बैठकीत बोलतो तो, 'दातुक' ही प्रमुखपदाची पदवी पुरुषालाच मिळते. पण तीही मामाकडून भाच्याकडे जाते, बापाकडून मुलाकडे नाही.

एकदा उनींच्या आजीच्या बहिणीच्या शाखेने गहाण ठेवलेलं एक खाचर सोडवायचं चाललं होतं. मामाक आले आणि त्यांनी घडी घालून घालून विरलेला एक मोठा कागद जमिनीवर पसरला. त्याला रांजी म्हणतात: वंशावळ. सगळ्यात वर एका बाईचं नाव, तिच्याखाली मुलं-मुली, मुलींखाली त्यांची मुलं-मुली. पुरुषांची नावंही त्यात आहेत, पण प्रत्येक पुरुषाच्या नावाखाली कागद कोरा. त्याची लेकरं त्याच्या बायकोच्या रांजीत. मामाकांचं स्वतःचं नावही असंच, खाली काही नाही. आपल्याकडच्या वंशावळीत मुलींची नावं एक तर नसतातच, नाहीतर लग्नापाशी संपतात. तो कागद मी किती तरी वेळ बघत राहिले.

ज्या वंशात मुलगी उरत नाही तो बुडाला असं मानतात, आणि त्याची जमीन जवळच्या भाऊबंदांत, म्हणजे खरं तर बहीणबंदांत, जाते. त्यामुळे तिथे मुलगी झाली की घर निर्धास्त होतं.

गहाणाचेही नियम आहेत. जुन्या रिवाजाप्रमाणे पुसाका तिंग्गी चारच कारणांसाठी गहाण ठेवता येते: घरात मयत आहे आणि दफनाला पैसे नाहीत; वयात आलेल्या मुलीचं लग्न अडलंय; मोठं घर गळतंय; किंवा घराण्याचं रिकामं पडलेलं प्रमुखपद पुन्हा उभं करायचंय. त्यालाही सगळ्यांची संमती लागते. आता पोराच्या शिक्षणासाठी, धंद्याच्या भांडवलासाठीही ठेवतात. रक्कम सोन्याच्या वजनात ठरते, त्यामुळे तिथल्या रुपिया या चलनाची किंमत कितीही घसरली तरी तीस-चाळीस वर्षांनी नातवंडं तेवढंच सोनं देऊन खाचर सोडवू शकतात. इंडोनेशियाच्या १९६० च्या कायद्याप्रमाणे सात वर्षं गहाण राहिलेली शेतजमीन काहीही न घेता परत करायला हवी. पण मी बघितलेल्या गावात त्या कायद्याचा आधार घेणं लोकांना कमीपणाचं वाटतं. घेतलेलं सोनं परत करायचं, मगच शेतात पाय ठेवायचा.

आता पुरुष. पूर्वी मुलगा थोडा मोठा झाला की रात्री सुराऊत, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरात, झोपायला जायचा, कारण मोठ्या घरातल्या खोल्या लग्न झालेल्या बहिणींसाठी. पुढे तो गाव सोडून कमवायला बाहेर पडायचा. ही भटकंती आजही जोरात आहे. देशभर दिसणारी पादांग पद्धतीची खाणावळ आणि जाकार्तातल्या तानाह आबांग बाजारातली कापडाची कितीतरी दुकानं याच लोकांची. इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष मोहम्मद हाट्टा १९०२ साली इथल्याच बुकिटिंग्गीत जन्मले. घरी जमीन नाही म्हणून मुलगे शिकले, व्यापारात उतरले, असं तिथले लोक स्वतःच सांगतात, आणि मला ते पटतं.

जावयाबद्दल तिथे एक म्हण आहे: बुंध्यावरची राख, वारा आला की उडाली. पूर्वी तो रात्रीपुरता बायकोकडे यायचा आणि दिवसा आईच्या, बहिणींच्या शेतात राबायचा. आता तसं नाही. नवरा-बायको स्वतःचं विटांचं घर बांधून राहतात, खर्च बाप करतो, मुलांच्या शाळेचं तोच बघतो. पण ते घर बहुतेक वेळा बायकोच्या वंशाच्या जमिनीवर असतं. लग्न मोडलं तर बाहेर पडतो तो पुरुष. भिंती त्याच्या पैशाच्या असल्या तरी जमीन त्याची होत नाही.

यात दुःख आहे, ते लपवणार नाही. उनींचे एक मामा बायको गेल्यावर भाचीकडे परत आले. जेवायला आधी त्यांना वाढतात, सल्ला त्यांचाच घेतात. पण घरात त्यांची म्हणून खोली नाही. बाहेरच्या मोठ्या दालनात चटईवर झोपतात आणि पहाटे बायका उठायच्या आत ती गुंडाळून ठेवतात.

आणि पुरुष गप्प बसले असं मुळीच नाही. मक्केत इमाम झालेले अहमद खतीब (१८६०–१९१६) मूळचे इथलेच. त्यांनी बहिणीच्या मुलांकडे वारसा जाण्याच्या चालीवर अतिशय कडक लिहिलं. वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला. शेवटी १९५२ मध्ये बुकिटिंग्गीच्या परिषदेत धर्माचे आणि रिवाजाचे जाणकार एकत्र आले आणि मधला मार्ग निघाला: पिढीजात ते रिवाजाप्रमाणे, कमाईचं ते धर्माप्रमाणे. बापाला आपल्या लेकरांसाठी काही ठेवता यावं ही तळमळ त्यामागे होती, आणि ती रास्त होती.

तरीही माझं मन बायकांच्या बाजूने आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये हिंदू वारसा कायद्यात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क दिला. कागदावर आपण त्यांच्याही पुढे आहोत म्हणा ना. पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी बहिणींनी माहेर तुटू नये म्हणून हक्कसोडपत्रावर सह्या केल्यात, आणि त्यातली एखादी नवऱ्याने टाकल्यावर त्याच माहेरी पाहुणी म्हणून राहिलीय. उनींच्या धाकट्या बहिणीचाही घटस्फोट झाला. ती कुठेच गेली नाही. त्याच चुलीपाशी राहिली, तेच खाचर कसत राहिली. ही निश्चिंती मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही.

सध्या अडचण येते ती सरकारी प्रमाणपत्राची. बँकेला कर्जासाठी जमिनीचा कागद लागतो आणि वंशाच्या सामायिक जमिनीला तो सहज मिळत नाही. रांजी जोडा, सगळ्यांच्या सह्या आणा, गावच्या रिवाज-मंडळाची संमती घ्या. धाकटीला गांबीर दाबायचं यंत्र घ्यायचंय, म्हणून तिला कागद हवाय. मामाक म्हणतात, वंशाचा प्रतिनिधी म्हणून माझ्या नावावर करू, तसं करता येतं. उनींचा याला विरोध आहे: आज तुम्ही आहात, उद्या तुमच्या जागी कोण येईल आणि एकट्याच्या सहीवर काय करून बसेल कुणाला ठाऊक. कागद करायचाच तर रांजीतल्या सगळ्या हयात बायकांची नावं त्यावर घाला, असं त्यांचं म्हणणं. मला विचारलं तेव्हा मीही तेच सांगितलं. सह्या गोळा करणं चालू आहे. दोघी जाकार्तात असतात, त्या ईदला गावी आल्या की त्यांच्याही घेतील.