जर्मन टीव्हीवरच्या कौटुंबिक विनोदी फिल्म्स इतक्या फुळकवणी का असतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात जर्मनचा बी१ म्हणजे मधल्या पातळीचा क्लास चालू आहे, बाईंनी सांगितलं की जर्मन टीव्हीवरच्या हलक्याफुलक्या कौटुंबिक फिल्म्स बघा, कान तयार होईल. तुम्ही तीन-चार बघितल्या आणि दर वेळी वाटलं की ही तर आपण मागच्या आठवड्यातच पाहिली. आता विचारताय की सगळ्या अशाच असतात का, आणि जर्मन लोकांना विनोद कळतच नाही का.

पहिल्याचं उत्तर: बहुतेक अशाच. दुसऱ्याचं: कळतो, चांगला कळतो. पण शुक्रवारी रात्री सव्वाआठला तो टीव्हीवर येऊ नये याची चोख व्यवस्था आहे. मी बरीच वर्षं हेस्सेन राज्यात राहते, सासूबाई जर्मन आहेत आणि त्यांच्या सोफ्यावर बसून हा ऐवज मी भरपूर पाहिलाय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी साचा बघू. मी कुठल्याही एका फिल्मची गोष्ट सांगत नाहीये, तरी तुम्ही पाहिलेल्यांतली एखादी यात नक्की सापडेल. सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारं तळं, नाहीतर द्राक्षमळे. हॅम्बुर्गमध्ये करिअर करणारी, चाळिशीला टेकलेली मुलगी वडिलांच्या सत्तरीला गावी येते. वडिलांचं हॉटेल कर्जात आहे म्हणे, पण स्वयंपाकघर एवढं मोठं की त्यात आपला दोन बीएचके फ्लॅट मावावा. गावात तिचा जुना मित्र आहे, तो गुरांचा डॉक्टर आहे आणि अजून अविवाहित किंवा विधुर आहे. कानात इयरफोन घातलेला एक मुलगा किंवा मुलगी आहे. खट्याळ आजी आहे, ती चुकून गांजाचा केक खाते. तासाभराने कोणीतरी कोणाचं तरी फोनवरचं अर्धं बोलणं ऐकतं, गैरसमज होतो, गाडी काढून निघून जातं. मग आजोबांना किंवा आजीला दवाखान्यात न्यावं लागतं, पण जिवावरचं काही नसतं. शेवटी बागेत दिव्यांच्या माळा, लांबलचक टेबल, सगळे वाइन पितायत. नव्वद मिनिटं संपली.

मध्ये मध्ये व्हायोलिनच्या तारा बोटाने टिचकावत वाजवलेलं एक संगीत येतं. ते आलं की समजायचं, आत्ताच विनोद होऊन गेला.

या घरांमध्ये कोणाला काही गमवायचंच नसतं, माझी खरी तक्रार ही आहे. नायिका आर्किटेक्ट असते, नायक डॉक्टर, मैत्रिणीची आर्ट गॅलरी. भाडं थकलंय, नोकरी गेली म्हणून सरकारी कचेरीत फॉर्म भरत बसलेत, असं क्वचितच दिसतं. आणि कोणी खरोखर कोतं, हलकट, मत्सरी नसतं. प्रत्येकजण मनाने चांगला, फक्त थोडा गोंधळलेला. आपल्याकडच्या मालिकेत निदान कोणीतरी दुधात काहीतरी कालवतं. इथे कट करायलाही कोणी तयार होत नाही. कौटुंबिक विनोद निपजतो तो माणसाच्या क्षुद्रपणातून, हट्टातून, घरातल्या घरात झालेल्या अपमानातून. तेच काढून टाकलं की हसायचं कशाला?

आता हे असं का होतं. जर्मनीत एआरडी आणि झेडडीएफ ही दोन मोठी सार्वजनिक चॅनेलं. एआरडी म्हणजे नऊ प्रादेशिक प्रसारण संस्थांचा संघ; झेडडीएफ १९६३ साली सुरू झालं, मुख्यालय माइन्त्सला. दोन्ही मुख्यतः वर्गणीवर चालतात. ही वर्गणी, रुंडफुंकबाइट्राग, दर घरामागे भरावी लागते, टीव्ही असो वा नसो. ऑगस्ट २०२१ पासून ती महिन्याला १८.३६ युरो आहे. यातून वर्षाला आठ अब्ज युरोंच्या वर रक्कम जमते. (तुम्ही शिकायला इकडे आलात तर पत्ता नोंदवल्यावर थोड्याच दिवसांत तिचं पत्र घरी येईल. फेकून देऊ नका, दंड लागतो.)

एवढा हमखास पैसा असल्यावर खरं तर धाडस करायला हरकत नसावी. पण गोष्ट उलटीच होते. सगळा देश पैसे भरतो म्हणून सगळ्या देशाला चालेल असंच दाखवायचं, कोणी पत्र लिहून तक्रार करू नये, आणि वर प्रेक्षकसंख्याही मोठी दिसली पाहिजे, कारण वर्गणीचं समर्थन करायला तोच आकडा हाताशी असतो. या दोन्ही चॅनेलच्या प्रेक्षकांचं सरासरी वय साठीच्या पुढे आहे. तेव्हा फिल्म कोणासाठी कापून-बेतून शिवली जाते हे सांगायला नको.

त्यात वेळेची चौकट. रात्री आठला टागेसशाउ ही बातमीपत्रं लागतात, सव्वाआठला संपतात आणि मग मुख्य कार्यक्रम. शुक्रवारी या वेळेला एआरडीवर हलकीफुलकी फिल्म. रविवारी एआरडीवर १९७० पासून चालत आलेली टाटऑर्ट ही गुन्हेकथांची मालिका, आणि ज्यांना प्रेत बघायचं नाही त्यांच्यासाठी झेडडीएफवर प्रेमकथा. १९९३ पासून तिथे रोझामुंड पिल्चर या ब्रिटिश लेखिकेच्या कथांवरच्या फिल्म्स लागतात. दीडशेच्या वर झाल्या. शूटिंग इंग्लंडात कॉर्नवॉलला, पात्रं इंग्रज, नट जर्मन, आणि सगळे अस्खलित जर्मन बोलतात. २००४ पासून जोडीला स्वीडनमध्ये घडणाऱ्या इंगा लिंडस्ट्रोमच्या फिल्म्स आल्या. ही लिंडस्ट्रोमबाई स्वीडिश नाहीच. ते क्रिस्टियाने साडलो या जर्मन पटकथालेखिकेचं टोपणनाव आहे. मला यात फसवणूक वगैरे वाटत नाही, उलट हा त्या सगळ्या प्रकारातला सर्वांत विनोदी भाग आहे.

शुक्रवारच्या फिल्म्समागे बहुतेक वेळा डेगेटो असते. ही एआरडीची फ्रँकफुर्टमधली कंपनी. फिल्म्स विकत घेणं आणि बनवून घेणं हे तिचं काम. २०११च्या शेवटी उघड झालं की तिने पुढच्या काळाचं बजेटही आधीच वाटून टाकलंय. प्रमुखाला जावं लागलं आणि नवी कामं देणं जवळपास थांबलं. गंमत बघा, आपल्याला वाटतं अशा फिल्म्स बनतात त्या पैसा नसतो म्हणून. इथे त्या एवढ्या बनत होत्या की पैसा पुरेना.

नव्वद मिनिटांच्या ठोकळ्यामुळे विनोदाचं किती नुकसान होतं याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. घरातल्या माणसांवर आपण हसतो ते ती आपल्याला ओळखीची झाल्यावर. बाप आता काय म्हणणार हे माहीत असतं, तो तेच म्हणतो आणि हसू येतं. म्हणून जगभरात कौटुंबिक विनोद अर्ध्या तासाच्या भागांत जास्त खुलला. सुटी फिल्म म्हटली की दर शुक्रवारी नवं कुटुंब. पहिल्या दहा मिनिटांत आठ माणसांची ओळख करून द्यायची, म्हणजे शिक्के मारण्यावाचून गत्यंतर नाही: ही महत्त्वाकांक्षी मुलगी, हा हेकट बाप, ही खट्याळ आजी. त्यातून अशी फिल्म साधारण वीस-बावीस दिवसांत उरकायची. म्हणजे दिवसाला चार-पाच मिनिटांचं पक्कं काम निघायला हवं. विनोदाचं टायमिंग साधायला तालमी लागतात, दहा वेळा तोच प्रवेश करून बघावा लागतो. त्याला वेळ कोणाकडे?

आणि पटकथेवर सगळ्यांचे हात. चॅनेलचा संपादक सूचना देतो, निर्माता देतो, दिग्दर्शक आला की तोही बदल करतो. हे एवढं साचलं की २०१८ साली जर्मन पटकथालेखकांनी ‘कॉन्ट्राक्ट १८’ नावाचं एक जाहीर बंधन स्वतःवर घालून घेतलं: शेवटच्या मसुद्यापर्यंत पटकथा आमच्या हातात राहील, दिग्दर्शक निवडताना आम्हाला विचारलं जाईल, असं असेल तरच करार करू. लेखकांना एवढं साधं मागण्यासाठी एकत्र यावं लागलं, यावरून आधीचा कारभार कसा असेल याचा अंदाज करा. कोणालाच न खटकणारं वाक्य पाचजणांनी मिळून लिहिता येतं, पण हसवणारं वाक्य तसं लिहून होत नाही.

सासूबाईंची बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. त्या हुशार बाई आहेत, आयुष्यभर शाळेत शिकवलं, पुस्तकं वाचतात. शुक्रवारी इस्त्रीचं टेबल टीव्हीसमोर मांडतात आणि ही फिल्म लावतात. मी एकदा न राहवून विचारलं, उटे (हे त्यांचं नाव), तुम्हाला हे आवडतं तरी कसं? म्हणाल्या, “अगं, आवडायचा प्रश्नच कुठे आहे? इस्त्री करताना मान वर नाही केली तरी चालतं.” त्यांना शेवट माहीत असतो, आणि तो माहीत असावा हीच त्यांची अपेक्षा असते. मला या प्रेक्षकांची चीड येत नाही. चीड येते ती एवढ्या पैशांत, एवढ्या चांगल्या नटांना घेऊन, आठवड्यातली सगळ्यांत मोक्याची वेळ इस्त्रीला वाहणाऱ्यांची.

कारण याच देशाच्या याच टीव्हीने फार वेगळं करून दाखवलंय. १९७३ ते १९७६ या काळात ‘आइन हेर्त्स उंड आइने झेले’ नावाची मालिका होती, वोल्फगांग मेंगे लेखक. मूळ कल्पना ब्रिटिश मालिकेची, पण उतरवली अस्सल जर्मन. आल्फ्रेड टेट्झलाफ हा बुटका, हिटलरसारखी मिशी ठेवणारा, खेकसणारा बाप. बायकोला मूर्ख म्हणणार, परदेशी कामगारांना आणि समाजवाद्यांना शिव्या घालणार, आणि जावई नेमका समाजवादी. सगळे एका कोंदट बैठकीच्या खोलीत. ना तळं, ना द्राक्षमळे. प्रेक्षकांसमोर नाटकासारखं खेळायचे आणि त्या-त्या वेळचं ताजं राजकारण त्यात यायचं. पत्रांचा पाऊस पडला, भांडणं झाली, आणि अख्खा देश बघत होता. नववर्षाच्या आदल्या संध्याकाळी त्याचा एक भाग अजून लागतो. हाही वर्गणीच्याच पैशांतला कार्यक्रम, हे विसरू नका.

दुसरा लोरिओ, म्हणजे व्हिको फॉन ब्यूलो हा विनोदी लेखक-नट. त्याचं हॉपनस्टेड्ट कुटुंबाच्या नाताळावरचं प्रहसन १९७८चं आहे. नातवंडाला भेट म्हणून खेळण्यातलं अणुऊर्जा केंद्र मिळतं, घरचे सगळे मिळून ते जोडतात, आणि चुकीचं जोडल्यामुळे जमिनीला भोक पडतं. आजोबांची तक्रार वेगळीच, पूर्वी झाडावर चमचमत्या पट्ट्या जास्त असायच्या. कोणी आवाज चढवत नाही, सगळे सभ्यपणे वागतात आणि त्या सभ्यपणातच घराचं वाटोळं होतं. मध्यमवर्गाची एवढी अचूक थट्टा मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. लोरिओ एकेका हालचालीसाठी नटांना पुन्हा पुन्हा करायला लावायचा, हे प्रसिद्ध आहे. वर तालमींबद्दल म्हणाले ते हेच.

अलीकडचं हवं असेल तर ‘ट्युर्किश फ्युर आन्फेंगर’, २००६ ते २००८. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ आई आणि तुर्की पोलीस अधिकारी संसार थाटतात, दोघांची मुलं एका घरात. बोरा डागटेकिनने लिहिलेली मालिका, अर्ध्या तासाचे ५२ भाग. पहिल्या वर्षातच मोठे पुरस्कार मिळाले, पण एआरडीने ठेवली संध्याकाळी सातच्या आसपास, आणि प्रेक्षकसंख्या कायम बेताची. मग २०१२ मध्ये त्याच नावाने सिनेमा आला तर वीस लाखांहून जास्त लोक तिकीट काढून गेले. म्हणजे प्रेक्षक होता, फक्त टीव्हीसमोर त्या वेळी नव्हता. २०११ साली एनडीआर या एआरडीतल्याच एका प्रादेशिक संस्थेने ‘टाटऑर्टरायनिगर’चे पहिले भाग असेच नाताळाच्या सुमारास रात्री उशिरा, गाजावाजा न करता उरकून टाकले होते, पुढे ती मालिका देशभर नावाजली गेली. ती कौटुंबिक नाही, खुनाच्या जागा साफ करणाऱ्या माणसाची आहे, तरीही बघाच.

आता तुमच्या अभ्यासाचं. तुमच्या बाई चूक सांगत नाहीयेत. त्या शुक्रवारच्या फिल्म्समध्ये सगळे स्वच्छ, हळू, पूर्ण वाक्यांत बोलतात, अगदी बव्हेरियातल्या खेड्यातसुद्धा. हेल फक्त खानावळीच्या मालकाला दिलेला असतो. पात्रं आपल्या भावना शब्दांत समजावून सांगतात, त्यामुळे काही निसटलं तरी दोन मिनिटांनी पुन्हा कानावर येतं. बी१ला हे वरदान आहे. आठवड्याला एक, जर्मन सबटायटल लावून, अर्धी बघितली तरी पुरे. शेवट तुम्हाला माहीत आहे. चॅनेलच्या मेडियाटेकवर, म्हणजे ऑनलाइन संग्रहावर, बऱ्याच फिल्म्सना जर्मनीबाहेर कुलूप असतं, तेव्हा उघडेल ती घ्या, निवडायला तसंही काही नाही.

मजेसाठी मात्र लोरिओपासून सुरुवात करा. त्याचं जर्मन व्याकरणाच्या पुस्तकासारखं नीटस आहे आणि प्रसंग इतके लहान की एकच पाच वेळा बघता येतो. मग ‘ट्युर्किश फ्युर आन्फेंगर’. तिथे तरुण मुलं भराभर बोलतात, पहिले दोन भाग जड जातील, नंतर सवय होते. आल्फ्रेडला बी२ झाल्याशिवाय हात घालू नका. आणि त्याच्या तोंडचे शब्द वहीत उतरवले तर क्लासमध्ये बाईंना त्यांचा अर्थ विचारण्याआधी एकदा डिक्शनरी बघा.