आपली गोष्ट विकायचीये, पण घेणार कोण?

या वेळी एकाच विषयावर तीन पत्रं आलीत म्हणून तिन्ही एकत्र घेतेय. नाव कुणाचंच छापत नाही, का ते पुढे कळेलच.

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ४२. नवरा घर सोडून गेला तेव्हा मुलगी दुसरीत होती, आता दहावीला आहे. मी पोळीभाजी केंद्र सुरू केलं, आज हाताखाली चार बायका आहेत. घटस्फोटाची केस अजून कोर्टात चालूच आहे. माझी भाची इंग्लंडला असते, ती म्हणते मावशी इकडे अशा खऱ्या गोष्टींचे मासिकवाले पैसे देतात, तू पण वीक ना. मी फेसबुकवर थोडंसं लिहिलं तर एकाचा फोन आला, म्हणे तुमची स्टोरी मोठ्या पेपरला लाखभराला विकून देतो, आधी साडेचार हजार रजिस्ट्रेशन भरा. भरू का? आणि आपल्याकडे किती देतात?

उत्तर : ताई, आधी ते साडेचार हजार. अजिबात भरू नका. गोष्ट विकणारा तुम्हाला पैसे देणार की तुमच्याकडून घेणार, एवढंच बघायचं. भाचीने सांगितलं ते खरंय, इंग्लंडमध्ये टेक अ ब्रेक, चॅट अशी साप्ताहिकं वाचकांच्या खऱ्या गोष्टींवरच चालतात आणि त्याचे पैसेही देतात, मध्ये एजन्स्या असतात त्या एकच गोष्ट दोन-चार ठिकाणी विकतात, पण तिकडेसुद्धा धड एजन्सी आपला हिस्सा साप्ताहिकाकडून काढते, गोष्ट सांगणाऱ्या बाईकडून आगाऊ फी घेत नाही. आणि पैसे बहुतेक वेळा छापून आल्यावर मिळतात, आधी नाही. नियमही आहेत तिकडे. कोर्टात फौजदारी खटला चालू असताना साक्षीदाराला गोष्टीचे पैसे द्यायचे नाहीत, आणि मुलांच्या खाजगी गोष्टीसाठी आईबापाला पैसे द्यायचे नाहीत, मुलाच्या स्पष्ट हिताचं असेल तरच.

आपल्याकडे तो धंदाच नाहीये. कांदा लासलगावला नेला की बोली लागते, गोष्टीचा असा लिलाव मराठीत कुठेच भरत नाही. पेपरचा बातमीदार येईल, फोटोग्राफर घेऊन येईल, महिला दिनाला अर्धं पान छापेल, तुम्ही त्याला चहा पाजाल आणि तो जाईल. पैसे नाहीत, आणि बातमीचे पैसे मागूही नयेत असं माझं मत, कारण पैसे घेऊन सांगितलेल्या हकिगतीवर वाचकाचा विश्वास बसत नाही आणि मग बातमीदारालाही ती जरा मसाला लावूनच हवी असते.

पण एक फरक लक्षात घ्या. गोष्ट विकत नाही कुणी, लेखाचं मानधन मात्र मिळतं. म्हणजे तुम्ही स्वतः लिहायचं. आणि हे फक्त पैशापुरतं नाही. बातमीदाराने तुमच्याशी बोलून शब्दांकन केलं की त्या मजकुराचा लेखक कायद्याने तो ठरतो, तुम्ही नाही, आणि तो पेपरचा नोकर असेल तर त्या मजकुराचे छापायचे हक्क पेपरकडे जातात. जगलात तुम्ही, हक्क दुसऱ्याचा. तुम्ही स्वतः लिहिलंत तर कॉपीराइट आपोआप तुमचा, १९५७ च्या कायद्याने तुम्ही हयात असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं, त्यासाठी नोंदणी वगैरे सक्तीची नाही. तो फोनवाला जे रजिस्ट्रेशन म्हणतोय ते कशाचं हे त्यालाच विचारा, गंमत येईल.

कुठे पाठवायचं? पुरवण्यांची वाचकांची सदरं असतात, तिथे नाव छापून येतं, पैसे बहुधा नाहीत. मासिकं आणि दिवाळी अंक हा खरा रस्ता. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणूस दिवाळीत फराळासोबत वाचतोच, आणि खरे अनुभव, स्वानुभव, व्यक्तिचित्रं याला त्या अंकांमध्ये कायम जागा असते. मानधन काही अंक हजारांत देतात, काही शेकड्यात, आणि काही जण नुसता अंक पोस्टाने पाठवतात तोही दिवाळी झाल्यावर. लाखभर कुणी देत नाही. पण विचारायला लाजू नका, मराठीत लेख मागणारा मानधनाचा विषय काढत नाही आणि लिहिणाराही तोंड उघडत नाही, हे फार जुनं दुखणं आहे. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईलवर मराठी टाईप होतं तसा, टाईप करून पाठवा, सोबत सरळ एक ओळ लिहा की मानधन किती आणि कधी. आणि गणपतीच्या आधी पाठवा, दसऱ्याला पाठवलेला लेख पुढच्या वर्षीच.

आता जरा कडू बोलते. तुमच्या गोष्टीत तुमचा नवरा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे घटस्फोटाच्या केसचं कामकाज बंद दाराआड चालतं आणि त्याबद्दल काहीही छापायला मनाई आहे, दंड म्हणाल तर हजार रुपयांपर्यंतच, पण समोरच्या वकिलाच्या हातात तो लेख पडला की तो न्यायाधीशांपुढे ठेवणारच. त्यामुळे अर्जात काय लिहिलंय, तारखेला कोण काय बोललं, समुपदेशनात काय झालं यातलं एक अक्षर लेखात नको.

दुसरं म्हणजे बदनामी. लोकांना वाटतं खरं असलं की झालं. तसं नाहीये. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये (आधी ४९९-५०० होतं ते) नुसतं खरं असून भागत नाही, ते छापणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. नाव बदललं तरी उपयोग किती? ‘अंबडच्या कंपनीत सुपरवायझर, मूळचे सिन्नरचे’ एवढं लिहिलंत की अख्ख्या इंदिरानगरला कळतं कोण ते. मग काय लिहायचं, तर तुमचं. पहिल्या दिवशी किती पीठ मळलं, पहिला डबा कुणी घेतला, गॅस सिलेंडर संपला तेव्हा काय केलं, उधारी कशी वसूल केली, त्या चार बायका कुठून आल्या. नवरा एका वाक्यात उरकता येतो. खरं सांगते, वाचकालाही तेवढाच हवा असतो.

आणि मुलीला विचारा. दहावीची पोरगी आहे, तिच्या वर्गातल्या कुणाच्या तरी आईच्या हातात तो अंक पडणार. ती नको म्हणाली तर फोटो नाही आणि तिचा उल्लेखही नाही, भले संपादक कितीही म्हणोत की ताई मुलीसोबतचा एक फोटो टाका ना, छान दिसेल.

प्रश्न : आम्ही निफाड तालुक्यातले द्राक्षवाले. गारपिटीत बाग गेल्यावर वडिलांनी पुन्हा कसं उभं केलं त्याची बातमी पेपरला आली होती. आता मुंबईहून एक वेबसिरीजवाले आलेत, इंग्लिशमधला आठ पानी करार दिलाय, पंचवीस हजार देतो म्हणतात. सही करायची का? वडील म्हणतात फुकटचे येतात तर घे.

उत्तर : दादा, वडिलांना सांगा फुकटचे नाहीत ते. खरं तर घडलेल्या घटनेवर कॉपीराइट कुणाचाच नसतो, तुमच्या वडिलांचाही नाही, बातमी वाचून कुणीही ‘एका द्राक्ष बागायतदाराची गोष्ट’ लिहू शकतो. सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच सांगितलंय की कल्पनेवर किंवा विषयावर हक्क नसतो, मांडणीवर असतो. मग हे पैसे का देतायत? तर वडिलांचं नाव, घरातल्या आतल्या गोष्टी, फोटो, आणि नंतर तुम्ही कोर्टात जाणार नाही याची हमी, यासाठी. ही हमीच महाग वस्तू आहे आणि ती पंचवीस हजारात मागतायत.

करारात बघा मुदत किती लिहिलीय. अशा कागदांत बऱ्याचदा ‘कायमस्वरूपी आणि संपूर्ण विश्वात’ असं असतं, म्हणजे मंगळावर सिरीज दाखवली तरी तुमची हरकत नाही. वडिलांनी स्वतःच्या हाताने वही, डायरी काही लिहिलेलं असेल तर ते वेगळं, त्याचा कॉपीराइट त्यांचा, तो यात गुपचूप घातलाय का पाहा. कॉपीराइट द्यायचा तर लेखी आणि सहीनेच द्यावा लागतो, मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने वर्षभरात वापरलाच नाही तर तो तुमच्याकडे परत येतो. पण हे सगळं करारात वेगळं काही लिहिलं नसेल तरच, आणि ते लोक वेगळं लिहूनच आणतात, आठ पानं उगाच नसतात.

मागायचं काय, तर सिरीज झालीच नाही तर ठराविक काळाने सगळे हक्क परत, पटकथा शूटिंगच्या आधी वाचायला मिळणार, आई-बहिणीला ज्या गोष्टी नको असतील त्या वगळणार, आणि पैसे दोन टप्प्यांत, सहीला थोडे आणि शूटिंग सुरू झालं की मोठे. हे लोक नको म्हणतील, मग तुम्ही पण म्हणा. नाशिकच्या कोर्टाजवळ वकील ढिगाने बसतात पण खरेदीखत करणारा वकील यात चालायचा नाही, कॉपीराइटचं काम केलेला शोधा, त्याची फी पंचवीस हजारातून गेली तरी जाऊ द्या. सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर होतं, बांधावरून चुलत्याशी काय झालं हे पडद्यावर यायचं की नाही ते घरात बसून आधी ठरवा, कारण चुलत्याने कुठेच सही केलेली नाहीये.

प्रश्न : एकच लेख दोन दिवाळी अंकांना पाठवला तर चालतो का? (नाशिकरोड, निवृत्त)

उत्तर : काका, नाही. दोघांनीही घेतला तर दोन्ही संपादक कायमचे तुटतात आणि ते एकमेकांशी बोलतात हो. एकाला पाठवा, महिनाभराने फोन करा, काहीच उत्तर नाही तर ‘लेख परत घेत आहे’ असा दोन ओळींचा मेल टाका आणि मग दुसऱ्याला द्या.