वाचकांचे प्रश्न : स्लॉट कारसाठी कोणते प्रमाण, कोणता ट्रॅक?

प्रश्न : आमचे घर फोंड्याजवळ आहे, जुन्या बांधणीचे. मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी आठ वर्षांची असून खाचेतून धावणाऱ्या विजेच्या मोटारींच्या शर्यतीचे दोघांनाही वेड लागले आहे. माझे मेहुणे नाताळात लिस्बनहून येणार आहेत आणि येताना एक संच आणायला तयार आहेत, पण ‘कोणत्या प्रमाणाचा आणू?’ असे ते विचारतात. १:२४, १:३२, १:४३ आणि एचओ यांपैकी काय घ्यावे? वसरीत दोन घोड्यांवर आठ बाय चार फुटांचा प्लायवूडचा तक्ता मांडता येईल, मात्र चवथीला दर्शनाला येणाऱ्यांसाठी ती जागा मोकळी करावी लागते.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. खरी मोटार साडेचार मीटर लांबीची धरली, तर ती १:२४ मध्ये सुमारे १९ सेंटिमीटर, १:३२ मध्ये १४, १:४३ मध्ये साडेदहा आणि १:६४ मध्ये ७ सेंटिमीटर भरते. ‘एचओ’ हे नाव छोट्या रेल्वेगाड्यांच्या छंदातून उचललेले आहे. तिथे त्याचा अर्थ १:८७ असा होतो, पण एचओ म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लॉट कार साधारण १:६४ च्या आसपास असतात. या दोहोंची गल्लत करून गाड्यांभोवती रेल्वेची घरे आणि माणसे मांडली, की माणसे मोटारीपुढे बुटकी दिसू लागतात.

तथापि आपला निर्णय गाडीच्या लांबीवर ठरणार नाही, तो वळणाच्या रुंदीवर ठरेल. सरळ तुकडे हवे तितके जोडता येतात किंवा कमी करता येतात. वळणाची त्रिज्या मात्र तुकड्यातच ओतलेली असते, आणि खोक्यावर ‘ट्रॅकची एकूण लांबी’ मोठ्या अक्षरांत छापणारे उत्पादक मांडणीला किती रुंदी लागेल हे बारीक अक्षरांत सांगतात. आपल्या तक्त्याची रुंदी १२२ सेंटिमीटर आहे. जर्मनीच्या कॅरेरा कंपनीचा १:३२ चा ट्रॅक जवळपास २० सेंटिमीटर रुंद असतो. त्याच्या सर्वांत आवळ वळणाचे अर्धवर्तुळ बाहेरून ७९ सेंटिमीटर रुंदी घेते आणि त्यापुढचे वळण ११९ सेंटिमीटर. हे दुसरे वळण कागदावर आपल्या तक्त्यात मावते, पण दोन्ही बाजूंना जेमतेम दीड सेंटिमीटर उरते. वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जातो, त्यामुळे ट्रॅकच्या बाहेरच्या अंगाला सुमारे १० सेंटिमीटरची मोकळी पट्टी नसेल तर गाडी थेट जमिनीवर जाते, आणि जुन्या घराच्या लाद्या प्लॅस्टिकच्या आरशांवर आणि स्पॉयलरवर दया करीत नाहीत. इंग्लंडच्या स्केलेक्सट्रिकचा ट्रॅक याहून अरुंद, सुमारे १५.६ सेंटिमीटरचा आहे. त्याची दोन नंबरची वळणे ७४ आणि तीन नंबरची १०५ सेंटिमीटर रुंदीत बसतात. केवळ तक्त्याचा विचार केला तर चार फुटांच्या रुंदीत अरुंद ट्रॅकच अधिक वैविध्य देतो, हे मान्य करावे लागेल.

असे असूनही मी आपल्याला कॅरेराचा १:३२ संच सुचवीन, आणि त्याचे कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत दडलेले आहे. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या ज्या पट्ट्या असतात, त्यांतून वीज गाडीखालच्या तांब्याच्या ब्रशपर्यंत पोचते. या पट्ट्या साध्या लोखंडाच्या, वरून मुलामा दिलेल्या असतील तर आपल्या हवेत त्यांवर तांबूस ठिपके उमटायला एक पावसाळा पुरतो. माझा पहिला संच मी मे महिन्यात माळ्यावर ठेवला आणि चवथीनंतर खाली काढला, तेव्हा गाडी हातभर जाई आणि थांबे. पुढचे दोन रविवार मी बारीक पॉलिशपेपर घेऊन एकेक तुकडा घासत बसलो होतो. कॅरेराच्या पट्ट्या गंजरोधक पोलादाच्या असतात. कोरड्या प्रदेशात राहणाऱ्याला हा मुद्दा गौण वाटेल, परंतु गोव्यात राहणाऱ्याने तो वळणाच्या वैविध्यापेक्षा वरचा मानावा. शिवाय आपल्याला हा ट्रॅक दरवर्षी ऐन ओल्या दिवसांतच सोडवून ठेवायचा आहे.

आपल्या तक्त्यावर पुढील मांडणी नीट बसते : दोन्ही टोकांना आवळ वळणे आणि प्रत्येक बाजूला ३४.५ सेंटिमीटरचे चार सरळ तुकडे. याची लांबी सुमारे २१७ सेंटिमीटर होते, म्हणजे टोकांना १३ आणि बाजूंना २१ सेंटिमीटर मोकळे राहतात. दोन खाचांत १० सेंटिमीटरचे अंतर असल्यामुळे आतली फेरी सुमारे ४.३ मीटरची आणि बाहेरची ४.९ मीटरची होईल. हा फरक सरळ तुकडे वाढवून भरून निघत नाही, कारण तो वळणांतून येतो. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, पुलावरून जाणारी मांडणी केली तरच दोन्ही खाचा समान होतात. तोवर भावंडांनी प्रत्येक शर्यतीनंतर खाच बदलावी, अन्यथा भांडण निश्चित आहे. रुंद वळणांचे तुकडे पुढे घेता येतील. सुट्टीत ट्रॅक जमिनीवर पसरला की त्यांचा उपयोग होतो.

१:२४ च्या गाड्याही याच ट्रॅकवर धावतात, पण १९ सेंटिमीटरची गाडी आवळ वळणावर अवघडलेली दिसते. ते प्रमाण मोठ्या दालनासाठी राखून ठेवावे. १:४३ च्या गाड्या कणखर असतात आणि लहान मुलांच्या हाताला सोसतात. मात्र आपल्या मुलांचे वय पाहता त्या त्यांना वर्षभरात पोरकट वाटू लागण्याचा संभव आहे.

राहिला ॲनालॉग आणि डिजिटल हा प्रश्न. ॲनालॉगमध्ये एका खाचेत एक गाडी आणि तिचा एक कंट्रोलर असतो. कळ जितकी दाबावी तितका गाडीचा वेग. डिजिटलमध्ये प्रत्येक गाडीत चिप असते, त्यामुळे दोन खाचांवर सहा गाड्या सोडता येतात आणि त्या विशिष्ट तुकड्यांवर खाच बदलून एकमेकींना मागे टाकू शकतात. दोन मुलांसाठी आज ॲनालॉग पुरेसे आहे. कॅरेराच्या या दोन्ही पद्धतींचे ट्रॅकचे तुकडे एकच असल्यामुळे पुढे केवळ वीजजोडणीचा तुकडा, कंट्रोलर आणि गाड्या बदलाव्या लागतील आणि खाच बदलण्याचे तुकडे जोडावे लागतील, ट्रॅक वाया जाणार नाही. पोर्तुगालमधली वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. तिथल्या गोल पिना मात्र आपल्या सॉकेटमध्ये किंचित सैल बसतात, म्हणून पिनांचा चांगला कन्व्हर्टर (ॲडॉप्टर) वापरावा.

प्रश्न : मडगावात दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. पलंगाखाली सरकवता येईल असाच ट्रॅक हवा. बहीण अमेरिकेत असते, तिच्याकडून एचओ संच मागवावा का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : अवश्य मागवावा, परंतु गाड्या आणि ट्रॅक तिथून, ट्रान्सफॉर्मर मात्र विचारपूर्वक. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची असते आणि केवळ तेवढ्यासाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या भिंतीत खोचला तर तो जळतो. त्याच्यावरच्या पट्टीवर ‘१००–२४०’ असे छापलेले असेल तरच तो इथे वापरावा.

एचओच्या दोन खाचांमधले अंतर साधारण ३८ मिलिमीटर आणि ट्रॅकची रुंदी तीन इंच असते. नऊ इंच त्रिज्येचे अर्धवर्तुळ २१ इंचांत, म्हणजे ५३ सेंटिमीटरमध्ये बसते. म्हणून दोन फूट रुंद आणि सहा फूट लांब फळी पुरते, तीही कडेला बोटभर उंचीची पट्टी ठोकून, म्हणजे निसटलेली गाडी कपाटाखाली जाणार नाही. पलंगाखालच्या मोकळ्या उंचीचे माप मात्र फळी कापण्यापूर्वी घ्यावे.

एचओचा स्वभाव समजून घेणे आवश्यक आहे. आजच्या बहुतेक एचओ गाड्यांतील चुंबक गाडीला ट्रॅककडे इतके ओढून धरतात, की ती डोळ्यांना पुरती दिसेपर्यंत वळण पार करून गेलेली असते. काहींना हाच वेग आवडतो. मला स्वतःला १:३२ ची गाडी वळणावर किंचित घसरताना पाहणे अधिक भावते. एचओच्या आसांत केस आणि चादरीचे धागे फार लवकर गुंततात, आणि पलंगाखाली त्यांची वाण नसते; फळीवर जुने धोतर किंवा प्लॅस्टिक घालून मगच ती आत सारावी.

प्रश्न : मी निवृत्त असून सुतारकामाची हौस आहे. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) राउटरने, म्हणजे खाच कोरणाऱ्या यंत्राने, खाच पाडून घरीच चार खाचांचा १:३२ ट्रॅक करावा असे मनात आहे. योग्य ठरेल का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : कल्पना उत्तम, साहित्य चुकीचे. एमडीएफ आपल्या पावसाळ्यात कडांनी फुगते, आणि खाच म्हणजे सगळी कडच असते. ती फुगली की गाडीखालचे, खाचेतून सरकणारे गाइडचे पाते अडकते. मरीन प्लाय घ्यावा, खाच सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि ८ ते १० मिलिमीटर खोल पाडावी, आणि रंग देताना ती आतूनही बंद करावी. दोन खाचांत १० सेंटिमीटर अंतर ठेवल्यास बहुतेक गाड्या एकमेकींना न घासता जातात.

खाचेच्या दोन्ही बाजूंना चिकटणारी तांब्याची पट्टी लावतात. तांब्याला चुंबक चिकटत नाही, त्यामुळे गाडीतला चुंबक इथे निरुपयोगी ठरतो. तो काढून टाकावा आणि वेग हाताने सांभाळावा. खाऱ्या हवेत तांबे काळवंडते, म्हणून शर्यतीपूर्वी पट्टी कोरड्या कापडाने पुसण्याची सवय ठेवावी. फेरी दहा मीटरहून लांब होणार असेल तर प्रत्येक खाचेला दुसऱ्या ठिकाणीही तार जोडावी, नाहीतर वीजजोडणीपासून सर्वांत दूरच्या वळणानंतर गाडी मंदावेल.