नर्सरीची फी, घरातले शिक्षण आणि चौथा वाढदिवस

प्रश्न : आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. पती अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला असून दरमहा ६२,००० रुपये हातात येतात. मी घरी ब्लाउज शिवून आणि आरीकाम करून सरासरी ९,००० रुपये मिळवते. घरखर्च आणि गृहकर्जाचा हप्ता मिळून ५८,००० रुपये जातात. मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. जूनपासून नर्सरीत घालायचे तर वर्षाची फी ७२,०००, व्हॅन १५,००० आणि गणवेश-पुस्तके ८,००० रुपये सांगितली आहेत. फीवर करसवलत मिळते, असेही शाळेने सांगितले. एक वर्ष घरीच शिकवावे असे मला वाटते, पण पतींना ते पटत नाही. शिवाय जानेवारीअखेर तिचा चौथा वाढदिवस हॉल घेऊन ८० माणसांत करावा, असा सासरच्यांचा आग्रह आहे. त्याचा खर्च ४५,००० रुपये असून त्यासाठी दीड लाखाची एकमेव मुदत ठेव मोडावी लागेल. आम्ही काय करावे?

उत्तर : आपण मांडलेल्या आकड्यांत एक आकडा राहून गेला आहे आणि माझ्या मते सगळा निर्णय त्याच्यावरच अवलंबून आहे. फी, व्हॅन आणि गणवेश-पुस्तके मिळून नर्सरीचे ९५,००० रुपये वाचतील, हे आपल्या आकड्यांवरून दिसते. मात्र मुलगी दिवसभर घरी असताना आपले शिवणकाम किती होईल, हे लिहिलेले नाही. या वयात शाळेला दिलेल्या फीचा मोठा भाग आईला मिळणाऱ्या सकाळच्या तीन-चार मोकळ्या तासांसाठी खर्च होत असतो. ते तास आपण स्वतः मुलीला दिले, तर त्यांची किंमत आपल्याच मिळकतीतून वजा होते.

समजा, आपले काम निम्म्यावर आले. महिन्याला ४,५०० म्हणजे वर्षाला ५४,००० रुपये बुडाले. माती, कागद, रंग, पुस्तके आणि महिन्यातून एखादी छोटी सहल यांसाठी दरमहा ५०० याप्रमाणे ६,००० रुपये धरले, तर खरी बचत ३५,००० रुपयांची होते, ९५,००० ची नव्हे. याउलट सासूबाईंनी किंवा शेजारच्या एखाद्या आईने रोज दोन तास मुलीला सांभाळले आणि आपले नुकसान २७,००० रुपयांवर थांबले, तर हीच बचत ६२,००० रुपयांवर जाते. तेव्हा पतींशी बोलताना शाळा चांगली की घर चांगले, हा वाद बाजूला ठेवून शिवणाचे ते दोन तास कोण सांभाळणार, याचे उत्तर आधी ठरवावे.

करसवलतीचा मुद्दा लगेच निकाली निघतो. आपण ८० सी म्हणून ओळखतो ती शिकवणी शुल्काची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही दीड लाखांच्या एकत्रित मर्यादेत, आणि देणगी किंवा विकास निधी तिच्यात धरला जात नाही. नव्या प्रणालीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर पगारदाराला करच भरावा लागत नाही. पतींच्या पगारावर मुळात कर येत नसेल, तर या फीतून वाचण्यासारखेही काही नाही.

आता पतींच्या शंकेकडे वळतो. ती रास्त आहे. कायद्याने सक्तीचे आणि मोफत शिक्षण सुरू होते ते सहाव्या वर्षापासून. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याची व्याप्ती ६ ते १४ वयोगटापुरती आहे, त्यामुळे नर्सरीचे वर्ष घरी घालवल्याने कोणताही नियम मोडत नाही. अडचण व्यवहाराची आहे. काही शाळांत नर्सरीतच जागा भरतात आणि पुढे ज्युनिअर केजीला मोजकीच मुले घेतली जातात. ज्या शाळेत मुलीने पहिलीपासून शिकावे असे आपणा दोघांना वाटते, तिथे जाऊन ज्युनिअर केजीला किती नवे प्रवेश होतात आणि त्या वेळी प्रवेशशुल्क वेगळे आकारतात का, हे विचारून घ्यावे. जागा नर्सरीतच भरत असतील आणि शाळा तीच हवी असेल, तर घरी शिकवण्याचा बेत सोडून द्यावा, असे मी स्पष्टपणे सांगेन. ३५,००० रुपयांसाठी पुढच्या दहा-बारा वर्षांची सोय घालवण्यात शहाणपण नाही.

घरी काय शिकवायचे, याची धास्ती आपण घेऊ नये. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून शिकण्यावर भर आहे. महाराष्ट्राला तर हे नवीन नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परवडत नसलेल्या महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या बिया, पाने, खडे, शंखशिंपले हेच शिक्षणाचे साहित्य केले होते. आपल्याकडे तर शिवणाचे घर आहे. वेगवेगळ्या आकारांची बटणे रंगाप्रमाणे किंवा भोकांच्या संख्येप्रमाणे वेगळी करणे, मोजपट्टीने दार, पाट आणि आजीचा हात मोजणे, उरलेल्या चिंध्यांतून चौकोन-त्रिकोण जुळवून चित्र चिकटवणे हे गणितच आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही. चिंचोके मोजणे, मूग-मटकी-हरभरा निवडणे, कणकेचा गोळा मळणे आणि ठिपक्यांची रांगोळी काढणे यांतून पुढे पेन्सिल धरणारी बोटे तयार होतात. अशा वेळी मोठे माणूस जवळ असावे, कारण बटण आणि चिंचोका दोन्ही तोंडात जातात; सुया आणि कात्र्या तर कुलपातच हव्यात.

गोष्टींची पुस्तके विकत घेत बसण्यापेक्षा वाचनालयाची वर्गणी भरावी. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय आपल्याच शहरात आहे. पावसाळ्यानंतर पांडवलेण्यांजवळच्या नेहरू वनोद्यानात पाने गोळा करता येतील, आणि हिवाळ्यात एखाद्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी दाखवता येतील. राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा हीच आणि ती नाशिक जिल्ह्यात आहे, पण तिथे मुलांपेक्षा कॅमेरेच अधिक दिसतात.

घरी जे सहज मिळत नाही ते म्हणजे समवयस्कांची संगत. ती मिळावी म्हणून सोसायटीतल्या किंवा गल्लीतल्या दोन मातांशी बोलून आठवड्याचे दिवस वाटून घ्यावेत. प्रत्येकीने दोन दिवस सकाळी तिन्ही मुलांना सांभाळायचे. साहित्याचा खर्च तिघींत विभागतो आणि आपल्याला शिवणासाठी चार सकाळी मोकळ्या मिळतात, म्हणजे वर मांडलेल्या ६२,००० च्या हिशेबाला आधार सापडतो. दुसरा मार्ग अंगणवाडीचा. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी तिथे पूर्वप्राथमिक शिक्षण आणि पूरक आहार दोन्ही विनामूल्य आहेत. ही योजना १९७५ पासून चालू असूनही नोकरदार घरे तिच्याकडे पाहतसुद्धा नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. सगळ्या अंगणवाड्या सारख्या नसतात हे खरे, पण जवळच्या अंगणवाडीत जाऊन सेविकेशी अर्धा तास बोलायला काही पैसे पडत नाहीत. मुलीचे बोलणे किंवा ऐकणे वयाच्या मानाने मागे आहे अशी शंका असेल, तर बालरोगतज्ज्ञांना आधी दाखवावे. त्या खर्चात काटकसर करू नये.

वाढदिवसाच्या बाबतीत माझे मत अधिक कडक आहे. आपला महिन्याचा बांधील खर्च ५८,००० आणि अडीअडचणीची रक्कम दीड लाख, म्हणजे पगार थांबला तर जेमतेम अडीच महिने निघतील. ४५,००० काढले तर दोन महिनेही निघणार नाहीत. हॉलला विसार देऊ नये.

सासरच्यांचा आग्रह मात्र नुसता फेटाळून चालणार नाही, कारण त्यात नातेवाइकांना जेवायला घालण्याची, त्यांचे आहेर फेडण्याची जुनी बाब असते आणि ती मुलीच्या खेळण्या-बागडण्याहून निराळी आहे. म्हणून दोन्ही कार्यक्रम वेगळे करावेत. वाढदिवसाच्या संध्याकाळी पंधरा मुले आणि त्यांच्यासोबत येणारे तितकेच मोठे, इतक्यांनाच गच्चीवर बोलवावे. औक्षण झाले की अर्धा तास शाडूच्या मातीची चित्रे करू द्यावीत, मग लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची घ्यावी. आपल्याकडच्या चिंध्यांच्या पताका हीच सजावट. खायला घरचा शिरा, चिवडा आणि द्राक्षे, जी जानेवारीअखेर आपल्या बाजारात येऊ लागलेली असतात. तीस माणसांचे प्रत्येकी ८० प्रमाणे २,४००, केक ७००, माती-कागद-रंग ६०० आणि मुलांना परतीची भेट म्हणून तुळशीची किंवा झेंडूची रोपे प्रत्येकी ४० प्रमाणे ६००, असे ४,३०० रुपये होतात. पुढच्या रविवारी अगदी जवळच्या तीस नातेवाइकांना घरी बोलवून आचाऱ्याकडून मसालेभात, पुरी-भाजी आणि जिलेबीचे जेवण द्यावे. माणशी १६० धरल्यास ४,८०० रुपये. दोन्ही मिळून ९,१००, आणि वर-खाली धरून १०,००० रुपये. आतापासून दरमहा १,२५० बाजूला काढले, तर आठ महिन्यांत ही रक्कम उभी राहते आणि ठेवीला हात लागत नाही.

वाचलेल्या पैशांबद्दल आपण विचारलेले नाही, पण तो प्रश्न येणारच. नर्सरीची बचत एकाच वर्षाची आहे, पुढच्या जूनमध्ये फी सुरू होईल. तिच्या भरवशावर कोणताही लांबचा मासिक हप्ता बांधून घेऊ नये. ती सगळी आधी मुदत ठेवीत भर घालण्यासाठी वापरावी. मुलीच्या नावे सुकन्या समृद्धी खाते अजून उघडले नसेल तर पोस्टात उघडावे. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी ते चालू राहते, मुलगी दहा वर्षांची होण्याआधी ते उघडावे लागते, १५ वर्षे पैसे भरायचे असतात आणि उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत पूर्ण होते. मात्र शिक्षणासाठीसुद्धा त्यातून पैसे काढता येतात ते मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, आणि तेही शिलकीच्या निम्म्यापर्यंतच. म्हणून अडीअडचणीची ठेव किमान साडेतीन लाखांवर जाईपर्यंत या खात्यात महिन्याला ५०० रुपयांहून अधिक टाकू नयेत.