कोंबड्यांचं खाद्य शेळीच्या पोटात

प्रश्न : आमच्या चार शेळ्या आणि वीसेक गावरान कोंबड्या एकाच गोठ्यात असतात. एका शेळीनं रात्री कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं फोडून खाल्लं. दुसऱ्या दिवशी ती मलूल, रवंथ बंद, हगवण सुरू. काय करावं? गोठा वेगळा बांधावा का?
— एक वाचक, ता. जुन्नर

उत्तर : हा आम्लविषार. कोंबडीखाद्यात भरडलेला मका भरपूर असतो. तो एकदम कोटीपोटात, म्हणजे शेळीच्या पहिल्या मोठ्या पोटात, गेला की लॅक्टिक आम्ल वाढतं, चारा पचवणारे जंतू मरतात आणि अंगातलं पाणी पोटात ओढलं जातं. म्हणूनच डोळे खोल जातात, हगवणीला आंबूस वास येतो. लक्षणं दिसायला बरेचदा १२ ते २४ तास लागतात. ‘खाल्लं, पण काही झालं नाही’ म्हणून घरचे निर्धास्त राहतात.

धान्य खाल्लेलं कळताच खुराक बंद करून नुसता कडबा द्या. ३० किलोच्या शेळीला २० ते ३० ग्रॅम खाण्याचा सोडा अर्धा लिटर कोमट पाण्यातून घोट घोट पाजा. तोंड आडवंच धरा. मान वर ताणली तर पाणी फुप्फुसात जातं. गोडेतेल पाजायची आपल्याकडे सवय आहे, पण ते फेसाळ पोटफुगीचं औषध, आम्लावर त्याचा उपयोग नाही. तुमच्या शेळीला हगवण लागलीच आहे, तेव्हा सोड्यावर विसंबू नका, आजच डॉक्टरांना बोलवा. शेळी बसून राहिली किंवा दात खाऊ लागली तर तासभरही थांबू नका. शिरेतून सलाइन लागेल.

गोठा वेगळा नको, मधे जाळी मात्र हवीच. छताखाली शेळीला १० चौरस फूट, कोंबडीला २ पुरे. कोंबड्या गव्हाणीवर बसल्या तर विष्ठा चाऱ्यात पडते, आणि तसल्या चाऱ्याला शेळी तोंड लावत नाही. खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा. अंडी गोळा करणं, पाणी भरणं मुलांकडे द्या. खाद्याच्या खोलीची कडी मोठ्यांनीच लावावी. तुमच्याकडे बिबट्याचा वावर, तेव्हा रात्रीच्या जागेला चेनलिंक जाळी लावा आणि वरूनही बंद करा. कोंबडीजाळी त्याच्यापुढे टिकत नाही.

प्रश्न : पावसाळ्याच्या तोंडावर धडधाकट करडं अचानक का मरतात?
— एक वाचक, ता. भोर

उत्तर : बहुधा आंत्रविषार. त्याचे जंतू आतड्यात असतातच. कोवळा चारा किंवा जास्त धान्य मिळालं की फोफावतात आणि विष सोडतात. जोमानं खाणारं करडूच आधी जातं ते यामुळे. लस मे महिन्यात टोचा. पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा, पुढे दरवर्षी. गाभण शेळीला शेवटच्या महिन्यात दिली तर चिकातून करडांना संरक्षण मिळतं. चीक मात्र जन्मल्यावर तासाभरात पाजा.

प्रश्न : पिल्लांना लासोटा ही मानमोडी रोगाची लस पाण्यातून दिली, तरी मानमोडी आली.
— एक वाचक, ता. हवेली

उत्तर : नळाचं पाणी वापरलं असेल तर क्लोरीननं लसीतला जिवंत विषाणू मारला असेल. विहिरीचं गार पाणी घ्या, लिटरला ५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर मिसळा. आधी दोनेक तास पिल्लांचं पाणी काढून ठेवा, म्हणजे लसीचं पाणी दोन तासांत संपेल. लस दुकानातून घरी बर्फातच आणा.